कलम १५५ आणि एक अक्षर

चुकून भलतीच डिस्क फॉरमॅट करायला घेतली, तर लिनक्स विचारतो, ‘इथे आधीच फाइल सिस्टिम आहे, तरी पुढे जायचं?’ झेडएफएस ही फाइल सिस्टिम त्याहून संशयी. डिस्कवरचा साठा शेवटी दुसऱ्याच यंत्राने वापरला होता असं दिसलं, की तो उघडायलाच ती नकार देते; दोन यंत्रं एकाच वेळी लिहू लागली तर सगळा चिखल. मात्र आज्ञेपुढे ‘एफ’ हे एक अक्षर जोडलं, की पहारेकरी सलाम ठोकून बाजूला.

आमच्या निरवांगी गावच्या सातबाऱ्यालाही पहारे कमी नाहीत. फेरफार धरला की संबंधितांना नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणन. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झालं, २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीही आली. आणि या सगळ्यांपुढे उभं १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १५५, अर्थात आमच्याकडचा ‘एफ’. हेतू वेलांटी-उकार सुधारण्याचा. पण त्याच झटक्यात एखाद्या बहिणीचं नाव उडालं, तर संगणक कुठल्या तोंडाने अडवणार? आदेश साहेबांचा, सही अस्सल. डेटा पडताळणाऱ्या चेकसमला बाइट बदललेला कळतो, वारस बदललेला नाही. उलट डिजिटल सहीमुळे चूकसुद्धा छेडछाडमुक्त होते!

झेडएफएसमध्ये आधीचा स्नॅपशॉट घेतलेला असेल, तर एका आज्ञेत मागे जाता येतं. निरवांगीकराने प्रांतांकडे अपील करावं, बारामतीची एसटी धरावी, आणि तारीख पडली की वकिलांना चहा पाजून परत यावं.