३५.४५ वजनाचा कोणी नाही

क्लोरीनचा अणुभार ३५.४५. पुस्तकात, आवर्तसारणीत, प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यावर, सगळीकडे हाच आकडा. आणि एवढ्या वजनाचा क्लोरीनचा अणू जगात एकही नाही. केरीच्या समुद्रात नाही, आगरवाड्याच्या मिठातही नाही. आहेत ते दोन प्रकारचे, म्हणजे दोन स्थिर समस्थानिक: एक ३५चा आणि एक ३७चा. प्रोटॉन दोघांतही १७च. दुसऱ्याने दोन न्यूट्रॉन जादा घेतलेत, एवढंच.

चवथीला अकरावीतली भाची केरीला आली ती रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊनच. तिने ३५ आणि ३७ची बेरीज केली, दोनाने भागलं आणि जाहीर केलं, "मामा, ३६ येतं. पुस्तक चुकलंय." एवढा आत्मविश्वास मी फक्त तेरेखोलच्या फेरीबोटीत गाडी उलटी चढवणाऱ्या पर्यटकांत पाहिलाय.

मी प्रमाण, टक्केवारी वगैरे सुरू करणार, तोच डिचोलीचे भावोजी मध्ये पडले. त्यांची उमेद खाणीच्या लॅबमध्ये गेली. २०१२ला खाणी बंद झाल्या, २०१८ला पुन्हा बंद झाल्या, पण त्यांच्या तोंडातलं 'ग्रेड' काही बंद झालं नाही. खतखत्याचंही ते ग्रेड काढतात आणि बहिणीला ते मुळीच आवडत नाही.

"बाय, ५६ टक्के लोखंडाचे तीन ट्रक आले आणि ६० टक्क्यांचा एक. सगळं एकत्र करून बार्जवर चढवलं. ग्रेड किती?"

भाचीने बोटं मोडली. "५७."

"५८ म्हणाली असतीस तर धन्याने दुसऱ्या दिवशी घरी पाठवली असती. आता सांग, ५७ टक्क्यांचा ट्रक कुठला?"

"कुठलाच नाही."

"पण पैसे ५७चेच मिळणार!"

यापुढे मला शिकवण्यासारखं फारसं उरलं नाही. क्लोरीनमध्ये ३५चे अणू ७५.७७ टक्के, ३७चे २४.२३ टक्के, म्हणजे जवळजवळ तीन ट्रक आणि एक. नेमकी वजनं ३४.९६९ आणि ३६.९६६. पहिल्याला ०.७५७७ने गुणा, दुसऱ्याला ०.२४२३ने, बेरीज करा: २६.४९६ अधिक ८.९५७, म्हणजे ३५.४५३. पुस्तक सुटलं.

भाचीपेक्षा मोठमोठी माणसं या आकड्याला अडखळली आहेत. १८१५मध्ये विल्यम प्राउट म्हणाला की सगळ्या अणूंची वजनं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असतात. क्लोरीनचा तो अपूर्णांक त्याच्या सिद्धांताच्या घशात काट्यासारखा अडकला आणि शंभर वर्षं निघाला नाही. शेवटी केंब्रिजच्या ॲस्टनने वस्तुमान-वर्णपटलेखी यंत्र बनवून ३५चे आणि ३७चे अणू वेगळे करून दाखवले. त्याला १९२२चं नोबेल मिळालं. मधल्या काळात किती विद्यार्थ्यांचे गुण गेले असतील, त्याची भरपाई कोणी दिलेली नाही.

भावोजींनी मग सहज लोखंडाचं विचारलं. मी सांगितलं, लोखंडाचे स्थिर समस्थानिक चार: ५४, ५६, ५७ आणि ५८. त्यांत ५६चे सुमारे ९२ टक्के. सरासरी ५५.८४५.

भावोजींचा घास हातातच राहिला. "म्हणजे आयुष्यभर आम्ही चार ग्रेडचं लोखंड एका भावात विकलं?"

त्यांची समजूत अजून पटलेली नाही. विद्यार्थ्यांना मात्र एक सांगतो: मिठातल्या सोडियमला घाबरू नका. त्याचा स्थिर समस्थानिक एकच, २३चा. सरासरी काढायला दुसरा कोणी नाही, त्यामुळे परीक्षकही त्याच्या वाटेला जात नाहीत.