श्वानबिस्किट: इनामाचे वतन होऊ नये म्हणून

श्वानास बिस्किट देणे हे ज्यांना किरकोळ कृत्य वाटते, त्यांनी इनाम आणि वतन यांतील भेद प्रथम ध्यानी घ्यावा. कारण सोमवारी केवळ संतोषाने दिलेला तुकडा मंगळवारी मामूल ठरतो, बुधवारी त्याची वहिवाट पडते, आणि रविवारपर्यंत त्याचा वंशपरंपरागत हक्क होऊन, डब्यासमोर ठाण मांडून बसलेला वतनदार यजमानाकडे थकबाकी वसूल करणाऱ्या कारकुनाच्या नजरेने पाहू लागतो.

या वतनाचा मूळपुरुष जेम्स स्प्रॅट. वीजवाहक विकणारा हा अमेरिकन गृहस्थ १८६० च्या सुमारास लंडनला गेला असता, गोदीतली कुत्री टाकून दिलेली टणक जहाजी बिस्किटे आवडीने खाताना त्याने पाहिली, असे सांगतात. आणि आकाशातल्या विजेचा नाद सोडून त्याने गहू, बीट व मांस यांची श्वानबिस्किटे बाजारात आणली. त्याच्याच पेढीत नोकरी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ साली आपल्या नावाचे सुप्रसिद्ध श्वानप्रदर्शन भरवले. म्हणजे आधी बिस्किट आणि मागाहून प्रतिष्ठा, असाच क्रम दिसतो. बिस्किटास हाडाचा आकार देण्याची करामत नंतरची, आणि ती कुत्र्यासाठी नसून गिऱ्हाइकासाठी आहे.

आता विधी. इनामापूर्वी काही चाकरी अवश्य करून घ्यावी. ‘बस’ म्हणताच बसणे, एवढी पुरे. चाकरी होताच इनाम तत्क्षणी पोचते करावे, कारण विलंब झाल्यास मधल्या वेळात कान खाजवल्याबद्दलच आपला गौरव झाला, असा त्या प्राण्याचा प्रामाणिक समज होतो. तुकडा नखाएवढा असावा.

‘पूरक आहार’ ही अक्षरे डब्यावर छापलेली असतात ती वाचता येणाऱ्याच्या समाधानार्थ. ज्याचा रोजचा खुराक परिपूर्ण आहे त्यास आणखी पूरक ते काय? उलट, मोठ्या जातीच्या पिलास वरून जादा कॅल्शियम चारल्यास हाडे बळकट होण्याऐवजी बिघडतात. कोळशाच्या काळ्या बिस्किटाची योजना वायुसरणावर करतात; दिवाणखान्यात पाहुणे बसले असता त्याची आठवण होते, पण तेव्हा वेळ टळलेली असते.

आपल्याकडे या खात्याचा सारा कारभार चहाबरोबरच्या ग्लुकोज बिस्किटावर चालतो. ते विष नव्हे. मैदा आणि साखर आहे. तथापि दहा किलोच्या कुत्र्यास दिवसाकाठी सुमारे ६०० कॅलरी लागतात, खाऊचा वाटा त्यात दहा टक्क्यांहून अधिक नसावा असा पशुवैद्यांचा दंडक आहे, आणि तेवढा वाटा तीन ग्लुकोज बिस्किटांत संपतो. मनुका, चॉकलेट आणि साखरेऐवजी घातले जाणारे झायलिटॉल ज्यात आहे, अशा बिस्किटांना मात्र सक्त मनाई समजावी. तेथे विनोदास जागा नाही.

खरी अफरातफर निराळीच. घरात खजिनदार चार आणि जमाखर्चाची वही एकही नाही. झाकणाचा किंचित आवाज होताच गच्चीवरून फरशीवर नखे वाजवीत धावत येणारा हा वतनदार यजमानाकडून सकाळचे, मुलांकडून शाळेतून आल्याचे आणि गृहिणीकडून दुपारचे बिस्किट वसूल करतो, व प्रत्येक वेळी जन्माचा उपाशी असल्याचे प्रतिज्ञापत्र चेहऱ्यावर सादर करतो. तस्मात् दिवसाचा कोटा सकाळीच मोजून एका वाटीत काढावा, डबा कुलपात ठेवावा, आणि वाटी रिकामी झाल्यावर आलेले सर्व अर्ज फेटाळावेत. आजींच्या पदराला बांधलेल्या बिस्किटांना हा नियम लागू करण्याचा प्रयत्न मात्र कोणी करू नये. ते दप्तर तपासण्याचा अधिकार घरात कोणासही नाही, आणि कुत्र्यास ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.