बिअर अनलिमिटेड, समुद्र मर्यादित

गोव्यात ग्रँड आयलंडच्या सहलीला जाणाऱ्या ऑफिसच्या ग्रुपला समुद्र फारसा लागत नाही. होडी तरंगती राहण्यापुरता असला की झालं. डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, बनाना राइड, जेवण आणि ‘अनलिमिटेड बिअर’ असं सगळं एकाच दरात मिळतं. विमा उतरवलाय का, हे कुणी विचारत नाही; बिअर थंड आहे ना, हे मात्र पायरी चढायच्या आधी विचारून घेतात.

वाटेत आग्वादचा जुना तुरुंग लागतो. पोर्तुगीजांनी गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्यांना इथेच डांबलं होतं. तेवढ्यात स्पीकरवर पंजाबी गाणं लागतं आणि अकाउंट्सचे देशपांडे शर्ट काढतात. डॉल्फिनची राखाडी पाठ क्षणभर वर येते, सगळे मोबाइल एकदम उगारले जातात आणि सगळ्यांत मिळून फक्त पाणी येतं.

लाइफ जॅकेटचे पट्टे पोटाला काचतात, म्हणून फोटोपुरतेच बांधायचे. पिऊन पाण्यात उतरू नये, असं होडीवाला कोकणीत सांगतो, हिंदीत सांगतो, शेवटी हातवारे करून सांगतो. त्यालाही एक ग्लास पुढे केला जातो. (घरी बायकोने चौथ्या पोळीला नको म्हटलं तर ऐकणारी हीच मंडळी.)

दुपारी निम्मा ग्रुप कठड्यावर वाकून जेवण समुद्राला परत करत असतो. एचआरच्या बाई मात्र कोरड्या सावलीत बसून अहवाल लिहितात: ‘संघभावना लक्षणीय वाढली.’