सुकेळी, कर वेगळा

वसई-विरारच्या एखाद्या बिल्डरला उद्या पंचतारांकित हॉटेल बांधून त्यात अमेरिकन रेस्टॉरंट थाटायची हुक्की आली, तर अडवणारे आपण कोण? हॉटेलातल्या अमेरिकन खाण्याचं घराणं तसं मोठं आहे. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात १८९०च्या दशकात ऑस्कर चर्कीने सफरचंद आणि सेलरी मेयोनेजमध्ये कालवली आणि ती कोशिंबीर जगभर गाजली. (अक्रोड मागाहून आले.) गंमत म्हणजे हा गृहस्थ आचारी नव्हताच, पाहुण्यांची सरबराई हे त्याचं काम. आमच्याकडे राजेळी केळी सोलून, उन्हात घालून, माशा हाकत सुकेळी करणाऱ्या बायांना मात्र अजून कुणी शेफ म्हटलेलं नाही.

नव्या मेन्यूत त्याच सुकेळीचा बोटभर तुकडा आइस्क्रीमवर बसून येईल. शेजारी बारीक अक्षरात ‘थेट शेतातून ताटात’, कर वेगळा. वसईची भाजी पिढ्यान्‌पिढ्या पहाटेच्या लोकलने मुंबईला जाते, ती बहुधा कारखान्यात पिकत असावी!

मग वेटर अदबीने वाकून विचारेल, “पाणी कुठलं आणू सर, साधं की बुडबुड्यांचं?”

“आधी सांगा, टँकर येऊन गेला का?”