सरकारी मालाची सोडत

अमेरिकी सरकारने १९११ साली लष्करासाठी एक पिस्तूल मुक्रर केलं आणि त्याच्या अंगावर ठसठशीत अक्षरांत कोरलं : 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी'. म्हणजे सरकारी मालमत्ता, घरी नेऊ नये. आज ही अक्षरं नीट वाचता आली तर त्या पिस्तुलाचा भाव चढतो. 'मी तुझं नाही' असं जी वस्तू स्वतः ओरडून सांगते, तीच आपली करून घ्यायला हजार डॉलर मोजणारं गिऱ्हाईक तिथे रांगा लावून उभं आहे.

मुळात हे पिस्तूल, 'एम १९११', जॉन ब्राउनिंग नावाच्या अचाट कारागिराने आखलेलं. गोळी .४५ची. दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम एवढं सगळं पाहून १९८५मध्ये बेरेटाच्या पिस्तुलाने त्याची जागा घेतली. मग अलाबामातल्या ॲनिस्टनच्या लष्करी भांडारात अशी सुमारे एक लाख पिस्तुलं तेल लावून निजली. ती नुसती सांभाळायला दर नगामागे वर्षाला साधारण दोन डॉलर खर्च येतो, ही गोष्ट माइक रॉजर्स या खासदारांच्या मनाला फार लागली. ॲनिस्टन त्यांच्याच मतदारसंघात येतं, हा योगायोग. २०१५च्या अखेरीस ओबामांच्या सहीने कायदा झाला : वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार पिस्तुलं 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम' या संस्थेमार्फत नागरिकांना विकावीत. जगातलं सर्वांत मोठं संरक्षण खातं दोन डॉलरसाठी इतकं हळवं झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

कायदा झाला, पण पहिली विक्री उजाडायला २०१८ साल आलं. आणि ती झाली थेट म्हाडाच्या घरांसारखी. अर्ज फक्त टपालाने. शिक्का ४ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या दरम्यानचाच हवा, आदल्या दिवशीचा चालणार नाही. सोबत नागरिकत्वाचा पुरावा, वयाचा पुरावा, नेमबाजीचा अनुभव असल्याचा पुरावा, संस्थेशी संलग्न क्लबचं सभासदत्व आणि ज्या परवानाधारक दुकानात माल उतरवायचा त्याच्या परवान्याची प्रत. नग आठ हजारांच्या घरात, अर्ज एकोणीस हजारांच्या. संगणकाने प्रत्येकाला एक क्रमांक वाटला आणि देशभरातले धडधाकट बाप्ये 'तुझा कितवा?' असं एकमेकांना विचारू लागले.

नंबर लागला की प्रतवारी. त्या पहिल्या फेरीत 'सर्व्हिस' १,०५० डॉलर, 'फील्ड' ९५०, 'रॅक' ८५०. रॅक म्हणजे चालतं, पण वापरात आणायचं तर किरकोळ डागडुजी करावी लागेल. प्रत मागता येते, बनवणारी कंपनी मागता येत नाही. नशिबात असेल ती. पार्श्वभूमीची तपासणी दोनदा, आधी संस्थेकडून आणि मग दुकानात. त्याच दुकानातल्या काचेच्या कपाटात त्याच नकाशाबरहुकूम बनलेलं नवं कोरं .४५ ठेवलेलं असतं आणि ते बऱ्याच राज्यांत एकाच तपासणीत, दुपारच्या जेवणाआधी हातात पडतं. नव्याला एक चाळणी, सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला दोन. त्याचा पूर्वेतिहास पाहता सरकारला जास्त काळजी वाटत असावी.

खरी मजा खोकं उघडल्यावर. पिस्तूल कुणी बनवलं, हे पाहायला गिऱ्हाईक आधी भिंग शोधतं. दुसऱ्या महायुद्धात ही पिस्तुलं बनवणाऱ्या कोल्ट कंपनीला एवढी मागणी पुरवणं झेपेना, तेव्हा लष्कराने दिसेल त्या कारखान्याला कामाला जुंपलं. इथाका निदान शिकारीच्या बंदुका तरी बनवत होती. युनियन स्विच अँड सिग्नल ही रेल्वेचे सिग्नल बनवणारी. तिने पंचावन्न हजारांच्या आसपास पिस्तुलं काढली आणि पुन्हा सिग्नलकडे वळली. आणि सर्वांत जास्त, पावणेनऊ लाखांच्या आसपास, काढली रेमिंग्टन रँडने. ही कंपनी टंकयंत्रांची. मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेल्या पिढीला हे नाव बोटांनीच पाठ आहे. आजही संगणकावर मराठी कळफलक निवडताना 'रेमिंग्टन' हा पर्याय समोर येतो. अमेरिकेतलं नवशिकं गिऱ्हाईक मात्र हिला बंदुकावाली रेमिंग्टन समजून छाती फुगवतं. त्या घराण्याने टंकयंत्राचा धंदा १८८६मध्येच विकून टाकला होता, हे त्याला सांगायला कुणाची जीभ रेटत नाही, कारण सांगणाऱ्यालाही तसलंच एक विकायचं असतं.

आणि सिंगर. हो, तीच, शिवणयंत्रवाली. १९४०मध्ये तिला पाचशे पिस्तुलांची शिकाऊ ऑर्डर मिळाली : पिस्तूल करायला जमतं का बघा, एवढ्यापुरतीच. काम इतकं सुबक उतरलं, की हिच्याकडून पिस्तुलं करून घेणं म्हणजे हिचा हात वाया घालवणं असं सरकारला वाटलं आणि तिला विमानवेधी तोफांचा नेम साधणारी यंत्रं बनवायला लावलं. चांगलं काम करणाऱ्याची बदली होते, हा नियम तिथेही आहे तर. पाचशेवर गाडी थांबली. २०१७मध्ये त्यांतलं एक लिलावात चार लाख डॉलरच्या वर गेलं. पिस्तूल म्हणून ते रेमिंग्टन रँडपेक्षा तसूभरही जास्त लांब मारत नाही. पण दोन्हींचं मोल आता गोळीवर नाहीच, शिक्क्यावर आहे. साहजिकच सिंगरचा शिक्का मारलेल्या स्लाइडही, म्हणजे पिस्तुलाचे वरचे सरकते भागही, नव्याने जन्माला येऊ लागल्या. मूळ पाचशेंना संततिनियमन माहीत नसावं.

शिक्क्यांचं शास्त्र मोठं आहे. पिस्तुलाच्या सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर, लष्करी निरीक्षकाची आद्याक्षरं असतात. 'जीएचडी' म्हणजे गाय ड्रूरी, कोल्टवर, 'एफजेए' म्हणजे फ्रँक ॲटवुड, रेमिंग्टन रँड आणि इथाकावर, 'आरसीडी' सिग्नलवालीवर, 'जेकेसी' शिवणयंत्रवालीवर. निरीक्षकाचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर सौदा मोडतो. एवढं अजरामर नाव तर सेनापतींच्या वाट्यालाही येत नाही.

पण लष्कराला या शास्त्राशी काही घेणंदेणं नव्हतं. दुरुस्तीला आलेली पिस्तुलं भांडारात ढिगाने सोडवली जात, भाग टोपल्यांत पडत, आणि जोडताना हाताला लागेल तो भाग बसे. म्हणून आज हाती येतं ते असं : फ्रेम टंकयंत्रवाल्यांची, स्लाइड कोल्टची, नळी हाय स्टँडर्डची आणि मुठीवरच्या तपकिरी प्लॅस्टिकच्या पट्ट्या कीज फायबरच्या. ही कीज फायबर मूळची लगद्याच्या ताटल्या बनवणारी! वर भांडाराचे शिक्के : ऑगस्टाचा 'एए', रॉक आयलंडचा 'आरआयए'. त्या पिस्तुलाचा खरा, कागदोपत्री सिद्ध होणारा जीवनक्रम हाच. दर्दी गिऱ्हाईक मात्र त्याला 'खिचडी' म्हणून नाक मुरडतं. मग हा दर्दी बाजारात 'बरोबर' स्लाइड शोधतो, 'बरोबर' नळी शोधतो, पदरचे आणखी चारपाचशे घालतो आणि लष्कराने स्वतःच्या हाताने बसवलेले अस्सल भाग काढून पिस्तूल 'मूळ स्वरूपात' आणतो. ज्या स्वरूपात ते लष्कराकडे अखेरची चाळीस वर्षं कधीच नव्हतं. अशा घडवलेल्या मूळपणाला बाजारात जास्त भाव आहे. वर एक सक्त ताकीद : काहीही झालं तरी घासून चकाचक करू नये. करडा-हिरवट फॉस्फेटचा थर दुसऱ्याच्या तळहाताने झिजलेला असला तर चालतो. स्वतःच्या तळहाताने झिजवला तर नुकसान.

पोलिसांच्या जुन्या पिस्तुलांचा बाजार याहून रोखठोक. पोलीस खातं जुनी पिस्तुलं वितरकाला देतं, तेवढी रक्कम नव्यांच्या बिलातून वजा होते आणि जुनी दुकानात येतात. बाहेरून म्यानात घासून पांढरी पडलेली, आतून कोरी. कारण बहुतेक शिपाई ती आयुष्यभर कमरेला मिरवतात आणि वर्षातून एकदोनदा सरावात झाडतात. स्लाइडवर खात्याचं नाव कोरलेलं असेल तर संग्राहक खूश. २०२४मध्ये काही पत्रकारांनी कागद चाळून दाखवलं, की एकेकाळी पोलिसांची असलेली पन्नास हजारांहून अधिक हत्यारं २००६पासून गुन्ह्यांच्या तपासात पुन्हा पोलिसांच्याच हाती आली आहेत. माल परत येण्याची अशी हमी कोणता दुकानदार देईल?

राहता राहिला कागद. १९६०च्या सुमारास हीच लष्करी पिस्तुलं सरकारने नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना सतरा डॉलरला विकली होती. तेव्हाची पावती ज्याने जपली, त्याचं पिस्तूल आज कितीतरी चढ्या भावाने जातं, कारण 'सरकारी मालमत्ता' चोरून आणलेली नाही याचा तो पुरावा. पावतीसोबत ते ज्यातून आलं तो पुठ्ठ्याचा खोका असेल तर सोन्याहून पिवळं. त्यामुळे आता नुसते खोकेही विकतात, पिस्तुलाशिवाय. त्यांतले बरेच नव्याने छापलेले असतात. तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं, खोक्याच्या आतल्या बाजूला, तळाशी.