अधिसूचित नाना

अंधेरीच्या आमच्या नानांना गिल्बर्ट हिल दाखवायला सांगा. ते टेकडीकडे पाठ करतात आणि फलक शोधू लागतात.

पाठीमागे दोनशे फूट उंचीचा काळ्या बसाल्टचा सुळका उभा असतो. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्याचे असे खांब झाले. नानांना त्याचं काही विशेष नाही. "ते झालं हो आपोआप. पण १९५२ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केलं, २००७ साली महापालिकेनं ग्रेड टू हेरिटेज केलं, हे काय आपोआप झालं?"

नाना सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळून निवृत्त झाले. जिला क्रमांक नाही ती वस्तू जगात आहे, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. टेकडीच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. नानी पायऱ्या चढून ओटी भरून येतात, तोवर नाना पायथ्याशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ग्रेड वन आणि ग्रेड टूमधला फरक सांगतात. "आणि देवीला दर्जा कुणी दिला?" असं नानींनी एकदा विचारलं होतं. नाना दोन दिवस बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांना लोणारला नेलं. उल्का आदळून बसाल्टमध्ये पडलेलं पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, तळाशी खारं पाणी. काठावर पोचल्यावर आमची सगळ्यांची बडबड बंद झाली. नाना बोटांवर मोजत होते. "१९७९, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं राष्ट्रीय स्मारक. २०००, वन्यजीव अभयारण्य. २०२०, रामसर पाणथळ स्थळ. एका खड्ड्याला तीन! शिवाय गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ पुरातत्त्व खात्याचं, ते वेगळं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. २०२०च्या जूनमध्ये क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे हे सरोवर गुलाबी झालं होतं, असं मी सांगितलं. नाना गंभीर झाले. "अधिसूचनेत रंग कोणता लिहिलाय?"

निघोजच्या रांजणखळग्यांशी मात्र त्यांचं पटलं नाही. कुकडीनं शतकानुशतकं गोटे घुसळून खडकात रांजण कोरले, इथपर्यंत ठीक. पण नदीच्या एका काठाला अहिल्यानगर आणि दुसऱ्या काठाला पुणे जिल्हा आहे हे कळल्यावर पत्र कोणत्या जिल्हाधिकाऱ्यांना लिहायचं, या चिंतेत नानांनी खळगे पाहिलेच नाहीत.

त्यांचं खरं तीर्थक्षेत्र अमेरिकेत आहे. वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर, तोही खांबाखांबांचाच सुळका. २४ सप्टेंबर १९०६ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी तो देशातलं पहिलं राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. नानांची भक्ती त्याच्या उंचीवर नाही. इंग्रजीत 'सैतानाचा' लिहिताना वर जे स्वल्पविरामासारखं चिन्ह लागतं, ते त्या जाहीरनाम्यात कारकुनाच्या हातून सुटलं आणि आजतागायत परत आलेलं नाही. हे सांगताना नानांचा आवाज कापतो. "बघा. राष्ट्राध्यक्ष गेले, पण कारकून टिकला!"

नानांना हसायला जावं तर एक अडचण येते. माणूस चुकत नाही. ज्या टेकड्यांना क्रमांक मिळाला नाही त्यांची खडी झाली, आणि ती आपल्याच भिंतींत आणि रस्त्यांत गेली. गिल्बर्ट हिलसुद्धा चहूबाजूंनी खाणींनी कुरतडलेलीच आहे. उरली ती कागदाच्या आधारानं उरली. आणि कागदही सगळे सारख्या वजनाचे नसतात. भूवैज्ञानिक सर्वेक्षण स्मारक जाहीर करतं, पण त्या घोषणेमागे स्वतंत्र कायद्याचं बळ नव्हतं. म्हणून २०२२च्या डिसेंबरात भूवारशाच्या विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी निघाला. काढला कुणी, तर खाण मंत्रालयानं. लोण्याची राखण बोक्याकडे, असं मी म्हणालो. नाना म्हणाले, "असू दे, बोक्याकडून पोच तरी मिळते." त्यांनी ११ पानी सूचना पाठवल्या. त्यातली नऊ पानं फलकाचा आकार, रंग आणि अक्षरांची उंची यांवर होती.

आता त्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास निघाला आहे. चार मजल्यांच्या जागी बावीस. नवा टॉवर उठला की मागच्या तीन इमारतींना टेकडी दिसणार नाही. तिथली पोरं सह्या गोळा करत मोठ्या आशेनं नानांकडे आली. नानांनी त्यांना चहा दिला, फाइल उघडली आणि प्रत्येक कागद दोनदा वाचला. "टेकडीला दर्जा आहे," ते शेवटी म्हणाले, "टेकडीच्या दर्शनाला नाही."

बिल्डरच्या संमतीपत्रावर नानांची सही दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिली सही नानींची. त्यांना लिफ्ट हवी आहे.