तडीअण्णा

बेंगळूरच्या चामराजपेटेत टीव्ही, टेप, प्लेअर यांतलं काही घ्यायचं झालं, तर आधी तडीअण्णांना विचारायचं आणि मग घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत आहे.

अण्णांचं खरं नाव रेशन कार्डावर आहे, ते तिथेच बरं. ‘स्वल्प तडी’, म्हणजे जरा थांबा, हे दोन कानडी शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वेळा निघतात की गल्लीने ते त्यांना कायमचे चिकटवले. घरात मराठी, दारात कानडी आणि यंत्रांविषयी बोलताना इंग्रजी, असा त्यांचा व्यवहार. मराठी इकडे कशी आली असं विचारलंत तर ते शहाजीराजांच्या जहागिरीपासून सुरुवात करतात. एकोजीराजे इथून तंजावरवर चालून गेले, तेव्हा अण्णांचे पूर्वजही बरोबर निघणार होते म्हणे; ऐन वेळी म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, आम्ही जरा थांबून येतो. हे अण्णा सांगत नाहीत, काकू सांगतात.

पैसे नाहीत म्हणून थांबणारा माणूस वेगळा आणि बायको नको म्हणते म्हणून थांबणारा वेगळा. अण्णा दोन्हींत बसत नाहीत. पेन्शन बरी आहे आणि काकू तर लग्न झाल्यापासून ‘घ्या एकदाचं’ म्हणताहेत. अण्णा थांबतात ते पुढचं येतंय म्हणून. दुकानात जे ठेवलंय ते जुनं, आणि पेपरात ज्याची बातमी आली ते खरं, असा त्यांचा हिशेब.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीने जपानात पहिला सीडी प्लेअर विकायला काढला. अण्णांनी ते एका इंग्रजी मासिकात वाचलं आणि त्या दिवसापासून कॅसेट घेणं बंद केलं. सीडी आपल्याकडे पोचून परवडण्याजोगी होईपर्यंत मधे बरीच वर्षं गेली. त्या वर्षांत अण्णांनी गाणं ऐकलं ते रामनवमीला. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामसेवा मंडळीचा संगीतोत्सव भरे, १९३९ पासून चालत आलेला. अण्णा मंडपाच्या बाहेर रस्त्यावर उभे राहून ऐकत, कारण आतल्या लाउडस्पीकरपेक्षा बाहेरचा लाउडस्पीकर ‘फ्लॅट रिस्पॉन्स’ देतो असं त्यांचं मत होतं. तिकिटाचा याच्याशी काही संबंध नव्हता असं ते म्हणतात, आणि मी ते मान्य करतो.

सीडीत ७४ मिनिटंच का, ही गोष्ट त्यांनी सांगावी आणि आपण ऐकावी. सोनीचे नोरिओ ओगा स्वतः गाणं शिकलेले. त्यांनी हट्ट धरला की बीथोव्हनची नववी सिंफनी न तुटता एका तबकडीत मावली पाहिजे, म्हणून बारा सेंटिमीटर. फिलिप्सकडून या कामात असलेले इंजिनिअर कीस इमिंक यांनी पुढे लिहिलं की प्रकरण इतकं सुरेल नव्हतं; फिलिप्सच्या गोटात साडेअकरा सेंटिमीटरच्या तबकड्यांचा कारखाना तयार होता, आणि आकार वाढवला की त्यांची ती आघाडी आपोआप जात होती. अण्णांना ही दुसरी गोष्टही पाठ आहे. पण ते पहिलीच सांगतात, कारण तिच्या शेवटी त्यांना म्हणता येतं, “त्या ओगांना कुणी आपला एक अख्खा दरबारी ऐकवायला हवा होता. तबकडी दारातून आत आली नसती!”

मग व्हीसीडी आली. पुण्याचे पाहुणे मराठी नाटकांच्या व्हीसीडी आणू लागले. एका नाटकाच्या दोन तबकड्या, आणि पहिली नेमकी अशा वाक्यावर संपायची की दुसरी सापडेपर्यंत नायकाचा हात हवेत. आमच्या क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, पहिला प्लेअर एका शिंप्याच्या घरी आला. अण्णा बघायला गेले. नवीन वस्तू दुसऱ्याच्या घरी जाऊन बघण्यात त्यांनी कधी हयगय केली नाही. ते टीव्हीपासून वीतभर अंतरावर बसले आणि पाच मिनिटांनी म्हणाले, “काळोखाच्या सीनमधे चौकोन दिसतात बघा.” तोवर ते कुणालाच दिसले नव्हते. त्यानंतर त्या घरात नाटक कुणी पाहिलं नाही, सगळे चौकोनच पाहत बसले. महिन्याभरात तो प्लेअर शिंप्याच्या धाकट्या मेव्हण्याला आहेर म्हणून गेला.

डीव्हीडीच्या वेळी अण्णांचा आक्षेप भूगोलाचा होता. सिनेमा कंपन्यांनी जगाचे सहा विभाग पाडले आणि भारताला पाचवा दिला, रशिया आणि बऱ्याचशा आफ्रिकेसोबत. अमेरिकेतून आणलेली तबकडी इथल्या प्लेअरवर चालायची नाही. “हे काय, व्हिसा आहे?” असं अण्णा चारचौघांत विचारायचे. एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सगळ्या विभागांचे प्लेअर राजरोस मिळत होते, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते घेतले की आक्षेप संपला असता.

त्यांचं एक भाकीत मात्र मी विसरलो नाही. मोझर बेअरने २००६-०७ च्या सुमारास सिनेमे विकायला काढले: व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये. गांधीनगरच्या नॅशनल मार्केटमधली चोरटी प्रतसुद्धा आता लाजेल, अशा किमती. सगळी चामराजपेट पिशव्या भरभरून तबकड्या आणत होती. दर्शिनीत, म्हणजे आमच्याकडच्या उभ्याने खायच्या हॉटेलात, वन-बाय-टू, म्हणजे एकीची दोघांत, कॉफी घेत अण्णा म्हणाले, “पिक्चर मसाला डोशाच्या भावात आलं ना? संपलं मग. कुठलीही वस्तू इतकी स्वस्त झाली की समजावं, तिला कुणी वारस उरला नाही.” आम्ही हसलो. २०१८ मधे ती कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात मोडीत निघाली. अण्णांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, फक्त त्या दिवशी कॉफी अख्खी घेतली.

पण त्यांचा खरा सुवर्णकाळ त्याआधीचा. २००६ मधे एकाच वेळी दोन नव्या तबकड्या आल्या, एक तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि दुसरी सोनीच्या गटाची ब्लू-रे. दोन्हींत निळसर-जांभळा लेझर. सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त, डीव्हीडीला ६५० चा लाल, आणि आता ४०५ चा. अण्णा दर्शिनीच्या टेबलावर सांडलेल्या कॉफीत बोट बुडवून हे समजावून द्यायचे: सुताराच्या पेन्सिलीने पोस्टकार्डावर चार ओळी मावतात, बारीक निबाने सगळं रामायण मावतं. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी, एचडी डीव्हीडीच्या थरात १५, ब्लू-रेच्या थरात २५.

यावर दर्शिनीत ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्या मला जगातल्या कुठल्याही बाजारपेठेच्या पाहणीपेक्षा भरवशाच्या वाटतात. बँकेतून निवृत्त झालेले राव म्हणाले, “सगळं एकाच तबकडीत घातलं आणि एक ओरखडा पडला तर?” शिंपी म्हणाला, “एवढं भरायचं तरी काय?” औषधाच्या दुकानातला पोरगा म्हणाला, “भरायला पिक्चर फुकट कुठून मिळेल ते सांगा.” आणि प्रत्येकाने शेवटी अण्णांकडे बघितलं. कारण दोन कंपन्या भांडत असताना काय करायचं, या विषयात अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. राव यांच्या शंकेतही तथ्य होतं. सीडीत प्लास्टिकच्या १.२ मिलिमीटर खाली असलेला मजकूर ब्लू-रेत पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर येतो, त्यामुळे वरून कठीण लेप द्यावा लागला. अण्णांनी हे सांगताच राव यांनी आयुष्यात ब्लू-रे घ्यायचा नाही असं ठरवलं. घ्यायचा त्यांचा विचार आधीही नव्हता, पण आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला.

तिसऱ्या मेन रोडवरच्या एका घरातल्या जावयाने मात्र अण्णांना विचारलं नाही. तो कॅलिफोर्नियात. नोव्हेंबर २००७ मधे तिकडे तोशिबाचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला गेला, तो त्याने उचलला आणि नाताळच्या सुट्टीत सासऱ्यांना आणून दिला. ११० व्होल्टचा, म्हणून सोबत एक ट्रान्सफॉर्मर, जो सिनेमाभर गुणगुणत असे. एचडी डीव्हीडीला विभागांची भानगड नव्हती, हा तिचा एक मोठा गुण. अण्णा बघायला गेले, वीतभर अंतरावर बसले आणि बराच वेळ त्यांना एकही चौकोन सापडला नाही. मी शेजारीच होतो. त्यांच्या चेहऱ्यावर मला प्रथमच खरेदीची छाया दिसली. बाहेर पडताना मात्र ते सावरले. “स्वल्प तडी,” म्हणाले. “वॉर्नरचा स्टुडिओ कुणाच्या बाजूला जातो ते बघू.”

४ जानेवारी २००८ ला वॉर्नर ब्लू-रेच्या बाजूला गेलं. १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले. सासऱ्यांच्या घरी प्लेअर येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. त्या आठवड्यात अण्णा चामराजपेटेतून असे चालत होते की निवडून आलेला नगरसेवकही इतका सावकाश चालत नाही. लोक दुरून नमस्कार करत होते. ज्यांनी काहीच घेतलं नव्हतं, ते सगळे आपापल्या दारात उभं राहून आपण जिंकल्याचं अनुभवत होते. मेलेला प्लेअर फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेला; ट्रान्सफॉर्मर तेवढा मिक्सरला कामी येईल का, म्हणून सासूबाई विचारत होत्या.

युद्ध संपलं, ब्लू-रे जिंकली, आता घ्यायला हरकत नव्हती. काकूंनी तसं सुचवलंही. पण अण्णांच्या हाती तोवर होलोग्राफीच्या तबकडीची बातमी लागली होती. जनरल इलेक्ट्रिकने २००९ मधे प्रयोगशाळेत असं द्रव्य दाखवलं की ज्याच्या एका तबकडीत ५०० जीबी मावू शकतील. मग २०१४ मधे सोनी आणि पॅनासॉनिकची ३०० जीबीची, फक्त दफ्तरखान्यांसाठी. दरवेळी अण्णा कात्रण काढत. कात्रणांची फाइल जाड झाली, घरातला टू-इन-वन म्हातारा झाला.

काकू या गोष्टींत पडत नसत. त्यांचा प्रश्न एकच होता, लग्नाची व्हिडिओ कॅसेट. बेंगळूरच्या पावसाळ्याने तिला बुरशी धरली होती. एके दिवशी त्यांनी ती भाजीच्या पिशवीत घातली, सरळ एका फोटो स्टुडिओत नेली आणि डीव्हीडी करून आणली. अण्णांना कळल्यावर ते अर्धा तास गप्प होते. मग म्हणाले, “अगं, जरा थांबली असतीस तर ब्लू-रेवर करून घेतली असती.” आणि लगेच, सवयीने, स्वतःच समजावून सांगितलं की व्हीएचएसमधे मुळात रेषाच जेमतेम अडीचशे असतात, ती कशावरही उतरवा, नवरा-नवरी तेवढेच धूसर राहणार. “मग?” काकूंनी विचारलं. अण्णांनी फाइल उघडली.

लोक मोबाइलवर सिनेमे बघू लागले तेव्हा दर्शिनीतला विषयच गेला. ढगात साठवलेल्या सिनेमाला जाडी नाही, लेझर नाही, थर नाहीत. वीतभर अंतरावर बसून बघावं असं काही उरलं नाही. अण्णा त्या काळात फारच ओढलेले दिसत. कुणीतरी म्हणालं मधुमेह असेल.

फेब्रुवारी २०२४ मधे ते सकाळी सहालाच आमच्या दारात. हातात पेपर. शांघायच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’ मधे निबंध छापला होता: साध्या डीव्हीडीच्या आकाराची तबकडी, शंभर थर, १.६ पेटाबिट. म्हणजे २०० टेराबाइट. अण्णांनी पेपराच्या कडेला गणित केलं होतं, “बेचाळीस हजारांवर डीव्हीडी एकीत! शिंप्याला सांगा, काय भरायचं ते विचारत होता ना.” संशोधकांनी स्वतःच म्हटलं होतं की लिहिण्याचा वेग आणि लागणारी वीज यांवर अजून काम व्हायचंय. त्याचंही गणित अण्णांनी केलं होतं. सेकंदाला १०० एमबी असा सढळ वेग धरला तरी ती भरायला तेवीस दिवस. “आणि बाविसाव्या दिवशी करंट गेला तर?” मी विचारलं. अण्णांचे डोळे चमकले. इतका चांगला आक्षेप त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता.

पुढल्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मधे सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्या काढणं थांबवलं. म्हणजे घराघरांसाठी आता पुढचं काही येणार नाही, भाव याहून खाली जाणार नाही, आणि शांघायवाली तबकडी आली तरी आधी मोठमोठ्या डेटा सेंटरांत जाणार. अण्णांनी तीन दिवस सगळ्या बाजूंनी विचार केला. काकूंनी त्या तीन दिवसांत कुलदैवताला नारळ बोलला. चौथ्या दिवशी अण्णा मला घेऊन एस. पी. रोडवर गेले.

चार दुकानांनी मान हलवली. पाचव्याने माळ्यावरून एक खोका काढून फडक्याने झटकला. ब्लू-रे प्लेअर, जुना स्टॉक, रिमोटसकट. भाव ऐकून मीच पाकीट काढायला निघालो. अण्णांनी खोक्यावरचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचलं, मागचे सॉकेट मोजले, खोका उलटा करून पुन्हा सुलटा केला, आणि दुकानदाराला विचारलं, “याच्यात ती शांघायची दोनशे टेराबाइटवाली चालेल का?”

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला केबल मोजून देत होता. त्याने मान वर केली नाही. “सॉफ्टवेअर अपडेट आला की चालेल, सर.”

अण्णांनी खोका अलगद काउंटरवर ठेवला. “कधी येतोय?”